एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे ताट



सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या मुलीची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ती येते. मुलगी बारा वर्षांची होती, घरात रडारड सुरू झाली होती आणि येशूने तिचा हात धरून तिला उठवले. प्रवचनात आम्ही धर्मगुरू बहुधा इथेच थांबतो. पण त्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या वचनात येशू घरच्यांना दोन साध्या सूचना देतो. एक, ही गोष्ट बाहेर कुणाला कळू देऊ नका. दुसरी, मुलीला काहीतरी खायला द्या. धर्मगुरू झाल्यानंतर कित्येक वर्षे या दोन सूचनांकडे माझे लक्षच गेले नव्हते. एका आजीमुळे ते गेले, म्हणून हा अभ्यासलेख. लहान ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या बैठकीत हाच विषय घ्यावा ही विनंती.

ही आजी आपल्या धर्मग्रामातील नव्हे. मी पूर्वी जिथे साहाय्यक धर्मगुरू होतो तिथली. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही आणि कुणी मला विचारूही नये. मुलगा आणि सून दोघेही गेलेले, पदरात नऊ वर्षांचा नातू. त्याला जन्मापासून एचआयव्हीची लागण. सरकारी एआरटी केंद्रातून गोळ्या फुकट मिळत होत्या आणि आजी दर महिन्याला न चुकता त्याला घेऊन जात होती. तरी मुलाचे वजन वाढेना. केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या तर बऱ्याच शिल्लक. आजी काही बोलेना. शेवटी एका रविवारी मिस्सानंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘फादर, गोळी घेतली की पोराला भूक लागते. रात्री घरात काही नसलं की मी गोळीच देत नाही. निदान झोपतो तरी.’

आम्हाला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना संत थॉमस अक्वायनस यांचे दानधर्मावरचे विवेचन शिकवले होते. आत्म्याला दिलेले दान शरीराला दिलेल्या दानापेक्षा श्रेष्ठ, असे ते सांगतात. पण लगेच पुढे म्हणतात की भुकेल्या माणसाला शिकवत बसण्यापेक्षा आधी जेवू घालावे, आणि त्यासाठी ॲरिस्टॉटलचा दाखला देतात. परीक्षेत मला या उत्तराला चांगले गुण मिळाले होते. आजीसमोर मात्र मी पहिली पाच मिनिटे गोळ्या नियमित घेण्याचे महत्त्वच समजावून सांगत होतो.

आता विषयाकडे येऊ. आपल्या देशात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. पुढची अठरा वर्षे गरिबांच्या मुलांसाठी औषध असून नसल्यासारखे होते, कारण ते परवडत नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने काही मोजक्या रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यात होते. लहान मुलांसाठीचा खास राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला. २०१७ पासून तर चाचणीत लागण दिसली की लगेच उपचार, असे धोरण आहे. त्यामुळे नियमित औषध घेणारे मूल आज शाळेत जाते, मोठे होते, नोकरी करते, लग्न करते. ‘एड्स झालेले मूल म्हणजे काही दिवसांचा पाहुणा’ ही जुनी समजूत आपण कायमची टाकून दिली पाहिजे. मात्र औषध फुकट झाले तरी ताट फुकट झालेले नाही.

या मुलांना जास्त का खावे लागते? शरीर विषाणूशी झुंजत असते आणि त्या झुंजीला इंधन लागते. हा विषाणू आतड्याच्या अस्तरालाही इजा करतो, त्यामुळे खाल्लेले सगळे अंगी लागत नाही. त्यात वारंवार ताप, जुलाब, तोंडात पांढरे चट्टे. मुलाला भूक कमी आणि गरज जास्त, असा हा उलटा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी ढोबळ प्रमाण सांगितले आहे. लागण आहे पण मूल ठणठणीत आहे, तर नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते. क्षयासारखा आजार किंवा दीर्घ दुखणे मागे लागले असेल तर २० ते ३० टक्के. आणि वजन घटू लागले असेल तर ५० ते १०० टक्के जास्त.

हे आकडे स्वयंपाकघरात आणू. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. त्याच्या १० टक्के म्हणजे १७०. मूठभर भाजलेले शेंगदाणे, सुमारे ३० ग्रॅम, तेवढी ऊर्जा देतात. म्हणजे ठणठणीत मुलासाठी आपल्याला एवढेच करायचे आहे. पण वजन घटलेल्या मुलाला किमान ८५० कॅलरी जास्त हव्यात. त्याच्या दिवसभराच्या जेवणाचा हा निम्मा भाग झाला! इतके अन्न तीन जेवणांत त्या लहानशा पोटात मावत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे लागते, आणि प्रत्येक घास ‘जड’ असावा लागतो.

इथेच आपल्याकडे चूक होते. मूल आजारी म्हटले की आपण पातळ पेज देतो. पेज वाईट नाही, पण पातळ पेजेने पोट भरते, वजन भरत नाही. तीच पेज दाट ठेवा. तीत चमचाभर तेल किंवा तूप घाला. एका छोट्या चमच्याने ४५ कॅलरी वाढतात आणि मुलाला कळतही नाही. शेंगदाण्याचे कूट घाला. उकळत्या पेजेत अंडे फेटून सोडा आणि पूर्ण शिजू द्या. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. आपण किनाऱ्यालगतची माणसे, तेव्हा जवळा आणि सुकट आपल्याकडे असतेच. ती निवडून, वाळू आणि जास्तीचे मीठ निघेल इतकी धुऊन, पुन्हा वाळवून भाजावी व पूड करून बरणीत ठेवावी. वरणात, पेजेत, भाकरीच्या पिठात ही पूड चमचाभर टाकली तर प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिची गूळ घातलेली खीर मुले आवडीने खातात. आपल्या वसईची सुकेळी बाजारातल्या कुठल्याही महागड्या खाऊच्या तोडीची आहे, हे मी अभिमानाने सांगतो. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई दारातच मिळते. जेवणावर लिंबू पिळावे, कारण त्यामुळे पालेभाजीतले लोह चांगले शोषले जाते. जेवणासोबतचा चहा नेमके उलटे करतो. सकाळी मुलाला चहा-पाव देऊन शाळेत पाठवायची आपली सवय मोडायला हवी.

दोन सूचना शेंगदाण्याबद्दल. बुरशी लागलेले किंवा कडवट झालेले दाणे बिनधास्त फेकून द्या, ते विषारी असू शकतात. आणि लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करूनच द्या.

आता माझ्या चुकीची कबुली. आजीचे ऐकून मी उत्साहाने दुकानात गेलो आणि दानपेटीतल्या पैशांतून प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा आणला. डब्यावर धष्टपुष्ट मुलाचे चित्र. आजीने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि पुरवून पुरवून दिवसाला एक चमचा दिला. समुपदेशक ताईंना कळले तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘फादर, या पैशांत महिनाभर रोज एक अंडं झालं असतं, वर तेल आणि गूळही आला असता.’ त्यांनी सांगितले ते खरेच आहे. या मुलांना इतरांपेक्षा वेगळी, जादूची प्रथिने लागत नाहीत. त्यांना पोटभर, चौरस जेवण लागते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचेही तसेच. डॉक्टरांनी दिल्या तर रोजच्या गरजेइतक्याच घ्याव्यात. दुप्पट घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही.

आजारपणात काय करावे? तोंड आले असेल तर तिखट, आंबट, गरम टाळावे. मऊ, कोमट पदार्थ द्यावेत आणि पांढऱ्या चट्ट्यांसाठी डॉक्टरांना दाखवावे, त्यावर औषध आहे. जुलाब लागले तर ओआरएस, १४ दिवस झिंकच्या गोळ्या आणि खाणे चालूच. जुलाबात उपाशी ठेवायची आपल्या जुन्या बायकांची पद्धत मुलाचा जीव घेऊ शकते. बरे वाटल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. पाणी उकळलेले, अंडे पूर्ण शिजवलेले, उघड्यावरची कापलेली फळे नकोत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला साध्या जुलाबाचाही मोठा फटका बसतो. महिन्यातून एकदा वजन करावे आणि वहीत लिहावे. दोन महिने वजन वाढले नाही तर एआरटी केंद्राला सांगावे. त्यामागे क्षय असू शकतो किंवा औषध लागू पडत नसेल. पाच वर्षांखालच्या बाळाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल किंवा पायांवर सूज असेल तर घरगुती उपाय नकोत, सरळ रुग्णालयात न्यावे. फार खंगलेल्या मुलाला मायेपोटी एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. त्याला बेताबेताने, डॉक्टरांच्या नजरेखाली वर आणावे लागते.

औषध आणि अन्न यांचा आणखी एक संबंध फारसा कुणी सांगत नाही. हल्ली बहुतेक मुलांच्या औषधांत डोल्युटेग्रॅव्हिर असते. ते जेवणाआधी घ्या की नंतर, चालते. पण रिकाम्या पोटी लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतले तर ते नीट शोषले जात नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात. ती बंद करू नका, मुलाला लोहाची गरज आहे. दोन्ही जेवणाबरोबर घेता येतात, नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. केंद्रात विचारून वेळ ठरवून घ्या.

तान्ह्या बाळांविषयी थोडक्यात. काहीच उपचार न केल्यास लागण असलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने औषध नीट घेतले तर ती पाच टक्क्यांच्याही खाली येते. अशा आईने पहिले सहा महिने फक्त अंगावरचेच दूध द्यावे. त्यात गुटी, मध, वरचे दूध, पाणी काही मिसळू नये. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की केवळ अंगावर पाजण्यापेक्षा अशा भेसळीत धोका जास्त असतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी गुटीचा आग्रह धरू नये.

दक्षिण आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर तिथला एक कडू धडाही सांगतो. २००० नंतरच्या दशकात तिथल्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट यांचा पुरस्कार करत होत्या आणि औषधांविषयी शंका पसरवत होत्या. सरकारने उपचार देण्यास उशीर केला. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्यापायी ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसे दगावली. आपल्याकडेही अमुक रस, तमुक काढा घेऊन एचआयव्ही जातो असे सांगणारे फिरत असतात. कुठल्याही अन्नाने एचआयव्ही बरा होत नाही. आधी औषध, आणि औषधाला साथ म्हणून अन्न. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

आता खास आपल्या घरांसाठी. प्रायश्चित्तकाळात काही कुटुंबांत चाळीस दिवस मांस-मासळी, कधी अंडीसुद्धा बंद असतात. भक्तीचा मला आदर आहे. पण ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन १४ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि उपवासाचे १८ पूर्ण झाल्यावर लागू होते. आजाऱ्याला तर सूटच आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा उपवास फक्त एक तासाचा. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही, आणि आजारी माणसाला व त्याची काळजी घेणाऱ्याला त्याचेही बंधन नाही. तेव्हा सकाळच्या मिस्साला येणाऱ्या मुलाची गोळी आणि न्याहारी कुणीही रोखून धरू नये. शंका असेल तर मला येऊन विचारा.

येशूच्या दुसऱ्या सूचनेविषयी इतके लिहिले. पहिलीविषयी लिहिणे मला जास्त जड जाते.

त्या आजीच्या घरी आम्ही धान्य पोहोचवायला लागलो. गाडी दारात उभी राहायची, दोन स्वयंसेवक पिशव्या घेऊन उतरायचे, मीही कधी सोबत असायचो. आळीत इतर गरीब घरेही होती, त्यांच्याकडे गाडी थांबत नव्हती. महिन्याभरात लोकांनी अंदाज बांधला. त्यानंतर सणाच्या जेवणात सगळ्या मुलांना स्टीलची ताटे आणि या एकट्याला कागदाची बशी मिळाली. वाढणाऱ्या बाईंच्या मनात द्वेष नव्हता, भीती होती. मुलगा काही बोलला नाही. पण ती बशी तशीच ठेवून तो उठला आणि पुढचे काही दिवस घरातही जेवला नाही. आम्ही जे वजन अंड्या-शेंगदाण्यांनी कमावले होते ते गमावले, आणि त्याला कारण आम्ही, म्हणजे मीच होतो. आम्ही अन्न दिले आणि नाव फोडले.

एकाच ताटात जेवल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने, उष्टे खाल्ल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही पसरत नाही. ही माहिती तीस-पस्तीस वर्षांपासून सांगितली जात आहे आणि आपण माना डोलावतो. परीक्षा होते ती वाढताना. घरात मुलाचे ताट-पेला वेगळा ठेवला असेल तर तो आजच इतर भांड्यांत मिसळा.

कायदाही हेच सांगतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कुणाची लागण उघड करता येत नाही आणि शाळा, नोकरी, उपचार, घर यांत भेदभाव करता येत नाही. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ असे म्हणून पसरवलेली बातमी ही बातमीच असते. देवाला नाव ठाऊक आहे.

मदतीच्या काही वाटा. शाळेतल्या दुपारच्या आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. ‘आमची मुलं ते खात नाहीत’ हा तोरा सोडावा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेची मदत २०२३ मध्ये दरमहा २२५० रुपये झाली. अर्जासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जावे लागते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. मुलाला क्षयही असेल तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये बँकेत जमा होतात. कागदपत्रांना मी आणि सिस्टर मदत करू. कुणाशी नाव न सांगता बोलायचे असेल तर १०९७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक मोफत आहे.

आपल्या धर्मग्रामात पुढच्या महिन्यापासून अशी व्यवस्था ठरली आहे. ज्या ज्या गरजू घरात १५ वर्षांखालील मूल आहे, त्या प्रत्येक घराला एकसारखे पाकीट जाईल: शेंगदाणे, गूळ, नाचणी, डाळ, तेल आणि अंडी. कारण कुणालाही विचारले जाणार नाही, यादी फलकावर लागणार नाही, गाडी दारात जाणार नाही. ज्यांना पाकीट हवे त्यांनी आठवड्यातून कधीही मला, सिस्टरांना किंवा आपल्या समूहाच्या प्रमुखांना एवढेच सांगावे की घरात मूल आहे. शनिवारी दुपारी चार वाजता सभागृहात शेंगदाणे भाजायला आणि पाकिटे भरायला माणसे हवी आहेत, शक्यतो तरुण मंडळी. बुरशीचे दाणे निवडायला चांगली नजर लागते, म्हणून दोन-तीन आज्याही याव्यात. आणि ज्यांच्या घरी अंड्यांचे रिकामे ट्रे पडून असतील त्यांनी ते येत्या रविवारी घेऊन यावेत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू